वरण बॉनेटात, बॅटरी डिक्कीत

"बसा, निवून राह्यलं," ती म्हणाली, आणि नवारीची गाठ तशीच सोडून उठली.

माझ्या खाटेची नवार ढिली झाली होती. रात्री झोपलं की सकाळी खड्ड्यातून वर यावं लागे. नवार ताणायला दोन माणसं लागतात, एकानं ओढायचं आणि दुसऱ्यानं पाय देऊन धरून ठेवायचं. आम्ही दोघं नवराबायको दुपारपासून ते काम भांडत भांडत करत होतो. ती म्हणे, तुम्ही ओढतच नाही, नुसता हात लावून बसले. मी म्हणे, मी ओढतो तेव्हा तू सोडतेस. अर्धी खाट ताणून झाली आणि तिला चुलीवरून उतरवलेलं वरण आठवलं. मग खाट गेली बाजूला. आम्ही जेवलो. राहिलेली अर्धी उद्या करू म्हणालो. ती त्या रात्री झोपली ती सकाळी उठली नाही.

बस, एवढंच झालं. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली. काय म्हणणार? वरण निवतं म्हणाली.

अशी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. हिची खूण म्हणजे उलटा हात. कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायची. चहाचा कप, पोरीचं कपाळ, गाईची कास, इस्त्री, पाहुण्याचं ताट. लग्नाच्या पंगतीत लोक बोलत बसले की हिला राहवत नसे. एकदा सिंदी मेघेत आमच्या शेजारच्या लग्नात नवरदेवाचा मामा पंगतीत बसून हुंड्याविरुद्ध बोलत होता. चांगलं बोलत होता, माणसं ऐकत होती. ही वाढपी नव्हती, कोणी नव्हती. मागून आली, त्याच्या भाताला उलटा हात लावला आणि म्हणाली, "मामाजी, निवून राह्यलं." मामाचं भाषण तिथेच संपलं.

मी गाडी चालवायचो. काळी अँबेसिडर, मालकाची. मालकाचा सरकीचा धंदा होता आणि गाडी बसून राहू नये म्हणून ती त्यानं भाड्याला लावली होती. वर्ध्याच्या स्टँडवरून सीट भरून आर्वी, पुलगाव, कधी नागपूर. लग्नसराईत लग्नाची भाडी. सन सत्तरच्या पुढची ही गोष्ट. तेव्हा पिपरी मेघे, सिंदी मेघे इकडे घरं कमी आणि कपाशी जास्त होती. गाडी घरासमोर उभी केली की पोरं गोळा व्हायची.

गाडी चालवणाऱ्याचं खाणं तुम्हाला माहीत आहे. भूक लागते तेव्हा सवारी घाईत असते, सवारी उतरते तेव्हा भूक मरून जाते. मग कुठे तर्रीपोहे, कुठे मिरचीभजे, कुठे सकाळची भाकर. दोनतीन वर्षांत पोटात अशी आग पडू लागली की स्टेअरिंगवर वाकून गाडी चालवावी लागे. सवाऱ्यांना वाटे ड्रायव्हरला डोळ्यांनी कमी दिसतं.

शेवटी ही मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की आत फोड आहे. मऊ, गरम, बिनतिखटाचं खायचं, आणि वेळेवर खायचं. हॉटेलचं बंद. जमत नसेल तर गाडी सोडायची. दोन्ही नाही केलं तर एक दिवस पोट फुटेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

घरी येताना मी विनोद करत होतो. गाडी सोडणं शक्य नव्हतं, मला दुसरं काही येत नव्हतं. आणि गाडीत गरम वरणभात मिळणं तेव्हा कसं शक्य होतं? डब्यात बांधून दिलं की पवनार येईपर्यंत निवायचं. फडक्यात गुंडाळून पाहिलं, भुशाच्या पेटीत ठेवून पाहिलं. गाडीत ऊन लागून आंबायचं तेवढं लवकर, गरम मात्र राहत नसे.

एक दिवस मी घरासमोर बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी टाकत होतो. पाण्याची बादली हिनंच आणली होती. बादली ठेवली आणि सवयीनं इंजिनजवळ उलटा हात नेला. इकडे नेला, तिकडे नेला, बॅटरीजवळ थांबली.

"इथं हमेशा असंच गरम राह्यते का?"

मी म्हटलं, गाडी चालली की राहते.

"मंग हे पेटी इथं कायले ठेवली?"

मी म्हटलं, ती बॅटरी आहे.

"आहे त आहे. तिले गरम काय करायचं? ते काय जेवते का?"

मी हसलो. ती घरात गेली आणि पितळेचा गंज घेऊन आली. गंज म्हणजे आमच्याकडचं उभट भांडं, त्यात वरण शिजवतात. बॅटरीच्या वर धरला. मग वीत लावून बॅटरी मोजली, वीत लावून गंज मोजला. गंज बोटभर लहान भरला. "बसते," म्हणाली. एवढं बोलून ती बादली घेऊन आत गेली, आणि मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गाडी घेऊन गेलो तर ही तिथे आधीच येऊन बसली होती. गंज मांडीवर. मिस्त्री उत्तरेकडचा, वर्ध्यात म्हातारा झालेला. गालात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारीतंबाखू, असायचा, त्यामुळे फार बोलत नसे. त्या दिवशी मात्र खर्रा थुंकून आला.

"भाभी, ये इंजन है. चूल्हा नहीं."

"गरम होते नं?" ही म्हणाली. "मंग चूलच झाली."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यानं तिला समजावून सांगितलं की बॅटरीपासून सेल्फला, म्हणजे गाडी चालू करणाऱ्या मोटरला, वायर जाते, ती जवळच असावी लागते, असं उचलून कुठेही ठेवता येत नाही. ती म्हणाली, तार लांब करा. डिक्कीत ठेवा. डिक्कीत काय असतं, स्टेपनी आणि तुमचे फाटके बनियन.

मिस्त्रीनं बॉनेटात वाकून पाहिलं. उन्हाळ्यात आमच्याकडे इंजिनच्या आगीत बॅटरीचं पाणी उडून जायचं, हे त्याचं जुनंच दुखणं होतं. वर्षाच्या आत बॅटरी मरायची. मागे थंड राहील, हे त्याच्या डोक्यात आलं. पुढे सगळं उघडं पडल्यावर त्यानं वर्ध्यात सांगितलं की बॅटरी डिक्कीत नेण्याची युक्ती आपली आहे. गंजाचं नाव कधी काढलं नाही.

पहिल्या खेपेला त्यानं दुकानात पडलेली वायर लावली. मी चावी फिरवली. सेल्फ म्हशीसारखा हंबरला आणि बसला. परत फिरवली, परत हंबरला, आणि जळाल्याचा वास आला. मिस्त्री इंजिनात डोकं घालून दोष शोधत बसला. ही मागच्या दारानं आत शिरली आणि गालिच्याखालच्या वायरवर उलटा हात ठेवला. चटकन मागे घेतला.

"हे तार तापून राह्यली," म्हणाली. "इतक्या दुरून ओढायचं त जाड दोर नको का, भाऊ?"

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. वेल्डिंगवाल्याकडून जाडजूड केबल आणली, अंगठ्याएवढी. ती दाराच्या कडेनं, गालिच्याखालून पुढे नेली. पत्र्यातून जाईल तिथे घासू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. दुसरी तार मागेच बॉडीला बोल्टनं कसली. बॅटरी नुसत्या पत्र्यावर ठेवायची नाही म्हणून फळी पाहिजे होती, तर ही घरून पाट घेऊन आली. जेवायला बसायचा पाट, त्यावर पितळेच्या खिळ्यांची फुलं. त्या पाटावर डिक्कीत बॅटरी बसली, पट्टीनं आवळून. जावई जेवायला बसवावा तशी. वाफ बाहेर जावी म्हणून मिस्त्रीनं शेजारी एक भोकही पाडलं.

चावी फिरवली. एका झटक्यात गाडी चालू झाली. पुढे रिकाम्या जागेत गंज बसला. झाकणावर ट्यूबचा पट्टा, बुडाखाली जाळी. आपलं मात्र आता वर्ध्यात हसं होणार, एवढंच माझ्या मनात आलं.

स्टँडवर हसं झालंही. पण वरण गरम राहिलं.

हिनं हळूहळू हिशेब बसवला. डाळतांदूळ घरी अर्धे शिजवायची, बाकीचं काम इंजिनावर सोपवायची. कोणतं गाव आलं की काय शिजतं, हे तिला घरबसल्या समजू लागलं. मी निघताना सांगायची, "नागपूरले चालले त सेलूले जेवजा, तिथं खिचडी होते. आर्वीले चालले त खरांगण्याले. त्याच्या पुढं नेऊ नका, खाली लागन." ती स्वतः तेव्हा खरांगण्याला कधी गेली नव्हती. आणि खाली लागायची. एकदा मी सवारीच्या घाईनं पुढे गेलो तर खिचडीचा कोळसा झाला होता.

सवाऱ्या आधी कुरकुरल्या. खरांगण्याला गाडी का थांबवली म्हणून एक वकील माझ्यावर चिडला, कोर्टात तारीख होती. मी बॉनेट उघडलं, गंज काढला, झाकण उघडलं. लसणाची फोडणी होती. वकील खाली उतरला आणि जवळ येऊन उभा राहिला. मी त्याला झाकणात वाढून दिलं. पुढच्या तारखेला तो स्टँडवर माझीच गाडी शोधत आला, आणि घरून वाटी घेऊन आला.

मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला गाडीची किल्ली आणि भाडं, एवढ्याशीच मतलब. आम्ही सांगितलं नाही आणि त्यानं बॉनेट उघडलं नाही.

मग उन्हाळा आला. वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. घराघरात एकच काम, सगळं ओलं करणं. माठाला ओलं फडकं, खिडकीला ओली वाळ्याची ताटी, दाराला ओलं गोणपाट. पोरं उघडी करून ओल्या फरशीवर झोपवायची. आमच्या हिनं शेजारणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरही ओलं पोतं टाकलं होतं.

एक दिवस तिनं डिक्की उघडली आणि हात घातला. लोखंडाचा पत्रा, वर ऊन, आत बिचारी बॅटरी पाटावर बसलेली. तिला दया आली. गोणपाट दुहेरी करून भिजवलं आणि बॅटरीवर नीट पांघरून दिलं, दोन्ही टर्मिनल झाकून. वरून रोज सकाळी मी आंघोळीला गेलो की तांब्याभर पाणी शिंपडायची. मला पत्ता नाही. स्टेपनी लागल्याशिवाय डिक्की कोण उघडतो?

त्यात मालकानं एक दिवस गाडी स्वतःसाठी घेतली. त्याच्या पोरीचं जमत आलं होतं आणि होणारे व्याही वर्ध्याला आले होते. त्यांना नागपूरला सोडायचं होतं. व्याही पांढरं धोतर, काळी टोपी, फार कमी बोलणारा माणूस. अशा माणसाची मालकाला भीती वाटत असावी, कारण तो सारखा बोलत होता. गाडीबद्दल बोलत होता. मशीन कसं आहे, आपण कसं ठेवलं आहे, दुसऱ्याच्या हातात कसं देत नाही.

पुढे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मी इंजिन बंद केलं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मी चावी फिरवली. टक् एवढा आवाज झाला. परत फिरवली, तेवढाही नाही.

मी उतरणार तेवढ्यात मालक म्हणाला, तू बस, मी पाहतो. व्याह्यापुढे त्याला दाखवायचं होतं. बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडलं.

मी आत बसून बॉनेटाच्या कडेनं दिसणारं त्याचं कोपर पाहत होतो. कोपर काही वेळ हललंच नाही. मग व्याहीही उतरले आणि शेजारी जाऊन उभे राहिले. आता दोन कोपरं. मग मलाही उतरावं लागलं.

"बॅटरी कुठं गेली?" मालकानं विचारलं.

मी म्हटलं, डिक्कीत आहे.

"आन् हे काय आहे?"

"वरण."

"कोणाचं?"

"माझं."

मालकानं झाकण उघडलं. त्याला खरं वाटलं नसावं. भस्सकन वाफ तोंडावर आली. व्याही वाकले, वास घेतला आणि त्या प्रवासात पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, हिंग जरा जास्त झाला.

डिक्की उघडली तर गोणपाटाचा तंबाखूसारखा चुरा झालेला. टर्मिनलवर पांढरीहिरवी बुरशी, दोन बोटं उंच. रोज ओलं राहून बॅटरी हळूहळू रिकामी झाली होती. धक्का मारण्याशिवाय इलाज नव्हता. मी स्टेअरिंगवर, मागून मालक आणि होणारे व्याही. व्याह्यांनी टोपी काढून खिशात घातली, धोतर खोचलं. गाडी चालू झाली, पण नागपूर येईपर्यंत मालक एक शब्द बोलला नाही. गाडीच्या मशीनबद्दल तर नाहीच.

परत आल्यावर मी हिला विचारलं, बॅटरीवर पाणी तू टाकलंस का. हो म्हणाली. मी म्हटलं, अगं, बॅटरीवर कोणी पाणी टाकतं का?

"तुमीच त टाकता," ती म्हणाली. "दर हप्त्याले बुचं उघडून पाणी नाई टाकत का तुमी? मी वरून टाकलं त काय बिघडलं?"

याला उत्तर असेल तर तुम्ही सांगा.

मालकानं दुसऱ्याच दिवशी हुकूम सोडला. बॅटरी पुढे. तमाशा बंद. नसेल जमत तर किल्ली ठेव आणि जा. मिस्त्रीनं मुकाट्यानं बॅटरी जागेवर बसवली आणि पाट मला परत दिला. मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, ती भांडेल. तिनं पाट धुतला आणि भिंतीला उभा केला. बस.

सकाळी मी स्टँडवर गाडी लावून सवाऱ्यांना हाका मारत होतो. तर ही आली. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात कोळशाची पिशवी, डोक्यावर गंज. पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसली. शेगडी पायांमध्ये. मी विचारलं, हे काय. म्हणाली, चला, आर्वीची गाडी आहे नं?

पुढची सीट म्हणजे चांगली सवारी, ती गेली. मागे चौघं दाटून बसले. वाटेत एका माणसानं डबा उघडला तर हिनं मागे वळून त्याच्या भाजीला उलटा हात लावला आणि तो डबा कोणी बांधला, किती वाजता बांधला, अशी चौकशी सुरू केली. खरांगण्याला खाली उतरून शेगडी पेटवली. वारा होता, धूर सगळा गाडीत. सवाऱ्या उपरण्याआड खोकत बसल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून गरम खिचडी खाल्ली आणि ही पुढे उभी राहून माझ्याकडे असं पाहत होती की घास तोंडात फिरवायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी सवाऱ्यांनी मालकाला सांगितलं आणि मालक स्टँडवर आला. आजूबाजूच्या गाड्यांचे ड्रायव्हर जमा झाले. मालक म्हणाला, बाई, खाली उतरा, ही धंद्याची गाडी आहे. ती उतरली नाही. काच खाली केली.

"मी बसीन पुढं, नाई त पेटी बसन मागं. तुमी सांगा."

मालक म्हणाला, गाडी माझी आहे.

"गाडी तुमची. चालवणारा माहा."

ड्रायव्हर हसले. मालकाचं तोंड लाल झालं. त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं की बायकोला आवर, नाही तर आजच दुसरा माणूस बघतो. मी काय आवरणार? मी दाराला हात लावून उभा होतो. तेव्हा ती खाली उतरली. पदर नीट केला, आणि हळू आवाजात बोलली, एवढी हळू की हसणाऱ्यांना गप्प व्हावं लागलं.

"माहा बाप हिंगणघाटले कापसाची बैलबंडी नेत होता. रस्त्यानं जे भेटलं ते खाय, शिळं, थंडं, तिखट. पोट दुखते म्हणे आन् बंडी हाके. एक दिवस बैलं आपल्या मनानं घरी आले. बाप मागं कापसावर पडून होता. मी दार उघडलं होतं, मालक. मी लहान होती. आता ह्यायच्या पोटात तेच आहे. डॉक्टरनं सांगतलं. मी पुन्हा तसं दार नाई उघडत."

हे मलाही माहीत नव्हतं. सासरा वारला होता हे माहीत होतं. कसा, ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मालकानं चपलेनं माती उकरली. मग मिस्त्रीच्या दुकानाकडे तोंड करून म्हणाला, जा, ने मागं. आणि जाता जाता वळून म्हणाला, पोतं टाकायचं नाही.

"नाई टाकत," ही म्हणाली. "तिले ऊन सोसते म्हणा."

त्यानंतर गाडी जोवर माझ्या हातात होती, तोवर बॅटरी डिक्कीतच राहिली. सोयरीक जमली, पोरीचं लग्न झालं, वऱ्हाडही याच गाडीनं नेलं. पुढे पुढे मालक नागपूरला निघाला की सेलूच्या अलीकडेच घड्याळ पाहू लागायचा. "झालं असन का?" मी म्हणायचो, झालं असेल. मग दोघं उतरायचो. त्याला खिचडीचा खरपुडा, बुडाला लागलेली खरवड, आवडायचा. खरपुडा राहावा म्हणून कधी कधी तो मला मुद्दाम पाव मैल पुढे न्यायला लावी.

माझ्या पोटातली आग वर्षभरात विझली. त्याच डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, दुखतं का विचारलं, नाही म्हटलं. त्यानं विचारलं, औषध कोणतं घेतलं? मी म्हटलं, बॅटरी मागं नेली. त्यानं माझे डोळे ओढून पाहिले, जीभ पाहिली, आणि हिला बाहेर नेऊन विचारलं की घरी नीट वागतात का.

ऐंशीच्या पुढे मालकानं गाडी विकली. घेणारा माणूस बॉनेट उघडून ती रिकामी जाळी बघत राहिला आणि मिस्त्री त्याला सांगत होता की हवा खेळती राहावी म्हणून ही जागा सोडली आहे, हे आपलंच डोकं. मीही मग एका कापसाच्या जिनात जीप चालवली, नंतर तीही सोडली, घरी बसलो. घरी चूल दोन हातांवर, ताट समोर. तरी हिचं तेच. बसा, निवून राह्यलं. शेजारचा माणूस बोलायला थांबला की तिनं आतून तीनदा म्हणायचं आणि मी चौथ्यांदा उठायचं. चिडायचो कधी कधी. घरात कुठली घाई आहे, म्हणायचो.

ती गेली त्या दिवशी दुपारनंतर तिला नेलं. पुलगावहून पोरगी आली होती, हिच्या माहेरचे आले होते. घर भरलं होतं. आमच्याकडे मयत झालं की घरात चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. त्या संध्याकाळी मी पाणी पिऊन पडलो. कोणी आग्रह केला नाही, सगळे थकले होते.

सकाळी उठलो. शेजारून डबे आले होते. चांगली माणसं आहेत, पहाटे उठून केलं असेल. पिठलं, भाकरी, भात. ओसरीवर रांगेनं ठेवले होते आणि माणसं अजून आंघोळीला खोळंबली होती. भात मोकळा होऊन वाळला होता. पोरीनं माझं ताट वाढलं.

मी उठून आत गेलो. काड्या शोधल्या, चूल पेटवली. डाळतांदूळ कोणत्या डब्यात आहेत ते चार डबे उघडल्यावर सापडलं. पोरगी मागे आली. दारात हिची भावजय उभी राहिली.

"बाबा," पोरगी म्हणाली, "तीन दिवस चूल नाई पेटवत नं. लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे," मी म्हटलं. "इतक्या वर्षात तुह्या मायनं मले थंडं खाऊ देल्लं नाई. पयल्याच दिवशी खाऊ का?"

भावजय दारातून बाजूला झाली. मला कधी शिजवता आलं नव्हतं. पाणी कमी पडलं, परत टाकलं, तर जास्त झालं. मीठ टाकायचं राहून गेलं. मी तिथेच चुलीपुढे ताट घेऊन बसलो आणि पहिला घास तोंडात घातला. टाळू पोळली. दुसरा घास फुंकला आणि खाल्ला.